गोठ्याचें छप्पर व वाऱ्याची उचल

इ. स. २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचे झोत ताशीं १२० किलोमीटरपर्यंत पोहोंचले, आणि रायगड जिल्ह्यांत असंख्य छपरें उडालीं. खांब रोवून त्यांवर पत्रे घालणाऱ्या शेतकऱ्यानें या घटनेचा अर्थ नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

छपराचा भार खांबांना पेलेल कीं नाहीं, याची चिंता बहुतेक सर्वजण करतात. परंतु अशा हलक्या इमारतीला भारापेक्षां उचलीचें भय अधिक. अर्धा मिलिमीटर जाडीच्या नालीदार पत्र्याचें वजन दर चौरस मीटरला जेमतेम ५ किलो भरतें. उलट वर सांगितलेल्या वेगाचा वारा तेवढ्याच जागेवर सुमारें ६८ किलोंचा जोर लावूं शकतो. छपरावरून वाहणारा वारा पत्र्याला वर ओढतो, आणि उघड्या बाजूनें आंत शिरलेला वारा त्याला खालून रेटतो. शिवाय वेग दुप्पट झाला कीं हा जोर चौपट होतो.

आतां जोडांचा विचार करूं. साधा खिळा लांकडाच्या घट्ट पकडीमुळेंच टिकतो. ओल्या लांकडांत ठोकलेला खिळा लांकूड वाळल्यावर सैल पडतो; लांकडाच्या टोंकांतून रेषांच्या दिशेनें ठोकलेला तर फारच थोडें धरतो. आडव्या जोरापुढें खिळा टिकतो, सरळ उपसणाऱ्या जोरापुढें नाहीं. म्हणून पत्र्यांसाठीं रबरी वायसराचे स्क्रू किंवा आंकड्याचे बोल्ट वापरावे, आणि कडांना व कोपऱ्यांना ते अधिक दाट बसवावे. कारण ओढ तेथेंच सर्वांत प्रबळ असते. तुळई खांबाच्या खांचेंत बसवावी, म्हणजे भार लांकडावर येतो आणि बोल्टाला केवळ धरून ठेवण्याचें काम उरतें. बोल्टाचें भोंक टोंकाच्या फार जवळ घेतल्यास लांकूड चिरतें. समुद्राच्या खाऱ्या हवेंत जस्ताचा जाड मुलामा असलेलेच खिळे-बोल्ट घ्यावे.

तथापि बोल्ट कितीही उत्तम असले, तरी त्यांनीं चौकट ताठ होत नाहीं. श्रोत्यांनीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. चार काड्या टांचण्यांनीं जोडून चौकोन करावा. बोटाच्या धक्क्यानें तो कलतो. त्यांत कोनाकोनी पांचवी काडी जोडतांच तो हलेनासा होतो, कारण बाजू मोडल्याखेरीज त्रिकोणाचा आकार बदलत नाहीं. खांब आणि तुळई यांच्यामधला तिरपा धिरा हेंच काम करतो. गोठ्याच्या लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांना धिरे हवेत. वारा एका बाजूनें आला कीं धिरा दाबला जातो, दुसऱ्या बाजूनें आला कीं ताणला जातो. म्हणून त्याचीं दोन्ही टोंकें बोल्टानेंच जखडावीं.

पत्रा, रीप, वासा, तुळई, खांब आणि जमीन ही एक सांखळी आहे. पत्रे रिपांना पक्के, पण रिपा वाशांना दोन खिळ्यांवर, अशी स्थिति असेल, तर पत्रे रिपांसकट उडतात. सर्व जोड पक्के असून खांब उथळ पुरला असेल, तर खांबच उपटतो. म्हणून खांबाच्या बुडाशीं आडवी सळई घालून भोंवतीं काँक्रीट भरावें.

गोठ्याचा मुख्य खर्च लांकूड व पत्रे यांवर होतो. जोडांस त्याचा लहानसा भाग पुरतो. एवढ्यांतच काटकसर करणाऱ्यानें ध्यानीं ठेवावें, कीं पत्रे उडूं लागले म्हणजे माणूस धांवून आसरा गांठतो, पण दाव्याला बांधलेल्या गाईला जागचें हलतां येत नाहीं.