विश्लेषण : ख्रिस्ती व्यक्तीचे दहन केले तर चालते का? चर्चचा नियम काय सांगतो?

दरवर्षी २ नोव्हेंबरला मुंबई, वसई, पुणे आणि गोव्यातील ख्रिस्ती दफनभूमी गजबजून जातात. मृत विश्वासूंच्या स्मरणाचा हा दिवस. कबरी धुतल्या जातात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात आणि धर्मगुरू कबरींना आशीर्वाद देत फिरतात. याच गर्दीत एक प्रश्न दबक्या आवाजात निघतो. पुढे आपल्या माणसाला इथे जागा मिळेल का? नसेल, तर दहन केले तर चालेल का?

चालते. कॅथलिक चर्चने १९६३ मध्येच दहनाला परवानगी दिली. साठ वर्षे उलटूनही अनेक घरांत ते पापच समजले जाते.

बंदी मुळात का होती?

दहन करू नये, अशी स्पष्ट आज्ञा बायबलच्या नव्या करारात नाही. मात्र येशूला कबरेत ठेवले गेले होते आणि शरीराचे पुनरुत्थान हा तर ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. त्यामुळे दहन रूढ असलेल्या रोममध्येही सुरुवातीचे ख्रिस्ती लोक आपल्या मृतांना पुरत असत.

कडक बंदी आली ती खूप नंतर, आणि तिच्यामागे राजकारणही होते. १८७६ मध्ये इटलीतील मिलान शहरात आधुनिक दाहगृह सुरू झाले. त्या काळी चर्चविरोधी मंडळींसाठी दहन म्हणजे ‘आम्ही पुनरुत्थान मानत नाही’ अशी उघड घोषणाच होती. उत्तरादाखल रोमने १८८६ मध्ये दहनावर बंदी घातली. १९१७ च्या धर्मविधी संहितेने तर स्वतःच्या दहनाची इच्छा व्यक्त करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधीही नाकारला.

म्हणजे चर्चचा राग आगीपेक्षा तिच्यामागच्या हेतूवर होता. म्हणूनच १९६३ मध्ये एकच महत्त्वाची अट राहिली : ख्रिस्ती श्रद्धा नाकारण्यासाठी दहन केलेले नसावे. १९८३ च्या संहितेतही तीच अट आहे. दफनाला पसंती आहे, दहनाला मनाई नाही. मातीतही शरीर टिकत नाही. धुळीतून उठवणाऱ्या देवाला राखेतून उठवणे अवघड कसे, हा त्यामागचा सरळ तर्क. प्रोटेस्टंट पंथांत हा बदल आधीच झाला होता. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू विल्यम टेंपल यांचे १९४४ मध्ये दहनच झाले. ऑर्थोडॉक्स चर्चचा विरोध मात्र कायम आहे.

मग अडते कुठे?

राखेपाशी. व्हॅटिकनने २०१६ मध्ये स्पष्ट केले, की राख समुद्रात, जमिनीवर किंवा हवेत विखरू नये, नातेवाईकांत वाटू नये, लॉकेटमध्ये घालू नये आणि सहसा घरीही ठेवू नये. ती दफनभूमीत किंवा चर्चने नेमलेल्या जागी ठेवावी. आपल्याकडे हा नियम जास्त बोचतो. शेजारीपाजारी अस्थिविसर्जन करत असतात. आंतरधर्मीय कुटुंबात तर ‘नाशिकला नेऊ या’ अशी सूचना प्रेमापोटीच येते.

नियमामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. मृत व्यक्ती केवळ कुटुंबाची नसून साऱ्या मंडळीची आहे. तिच्यासाठी प्रार्थना करायला कुणालाही जाता येईल, अशी नाव लिहिलेली एक जागा हवी. डिसेंबर २०२३ मध्ये यात थोडी सवलत मिळाली. प्रत्येकाचे नाव नोंदवून अनेकांची राख एकत्र ठेवणारी सामायिक जागा करता येते. राखेचा अगदी छोटा अंश मृताच्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी ठेवायलाही धर्माधिकारी काही अटींवर परवानगी देऊ शकतात.

मुंबईत तसेही ‘कायमची कबर’ फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेक दफनभूमींत साधारण दोन वर्षांनी कबर पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवतात. दहनाला नाक मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये : शेवटी दोन्ही वाटा त्याच कोनाड्यापाशी येतात.

वसईतील काही धर्मग्रामांनी तिसरी वाट शोधली आहे. शवपेटी न वापरता सुती कापडात गुंडाळून दफन करायचे. पॉलिश केलेले लाकूड आणि कृत्रिम धाग्याचे कपडे लवकर कुजत नाहीत. कापडातले शरीर लवकर मातीत मिसळते आणि जागा लवकर मोकळी होते. येशूलाही तागाच्या कापडात गुंडाळूनच ठेवले होते, त्यामुळे ज्येष्ठांना पटवणे थोडे सोपे जाते.

परवानगी म्हणजे सक्ती नव्हे

३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाने दगावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे, असे परिपत्रक काढले. त्याच दिवशी ते बदलावे लागले. छत्तीसगडमधील बस्तरची घटना याहून वेदनादायी. ७ जानेवारी २०२५ रोजी निधन झालेल्या एका पाळकाचे पार्थिव गावात दफनाला विरोध झाल्याने सुमारे तीन आठवडे शवागारात होते. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. अखेर गावापासून २० किलोमीटरहून दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश निघाला. मुंबईत जमीन अपुरी आहे. बस्तरमध्ये ती असूनही मिळाली नाही. दहनाची मुभा आहे म्हणून दफनाचा हक्क कमी होत नाही.

दहन करायचे ठरल्यास काय करावे?

पार्थिव चर्चमध्ये आणून मिस्सा आधी करावी आणि त्यानंतर दहनासाठी न्यावे, हा क्रम चर्चला अधिक मान्य आहे. इच्छा असल्यास हयातीतच लेखी नोंदवून मुलांना आणि धर्मगुरूंना सांगून ठेवावी. धर्मग्रामाच्या दफनभूमीत कोनाडा मिळेल का, किती वर्षांसाठी आणि किती पैशांत, हेही दहनाआधीच विचारावे. नाहीतर कलश घरी येतो, कपाटावर ठेवला जातो आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत तिथेच राहतो.