पत्री पूल : ऐतिहासिक पुलांचे जतन आणि नोंद

रेल्वेचे रूळ ओलांडणारा कल्याणचा पत्री पूल १९१४ मध्ये बांधण्यात आला. अंधेरीतील गोखले पुलाचा भाग जुलै २०१८ मध्ये कोसळल्यानंतर मुंबई परिसरातील जुन्या पुलांची तपासणी झाली. पत्री पूल धोकादायक ठरला आणि १८ नोव्हेंबर २०१८ रोजी रेल्वे वाहतूक थांबवून पाडण्यात आला. नवा पूल २५ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला. लोक त्यालाही पत्री पूलच म्हणतात.

हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. महाडजवळील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल ऑगस्ट २०१६ मध्ये वाहून गेला, तेव्हा त्याची किंमत प्रवाशांच्या प्राणांनी मोजावी लागली. अडचण निराळी आहे. १९५८ च्या केंद्रीय प्राचीन स्मारक कायद्यात किमान शंभर वर्षांची अट आहे. वापरातील पूल तेथवर पोहोचतो तोपर्यंत त्यावरील भार मूळ अपेक्षेपेक्षा पुष्कळ वाढलेला असतो. वारशास पात्र ठरण्याचे आणि धोकादायक ठरण्याचे वय असे जवळपास एकच होते.

म्हणून जतन आणि नोंद यांत भेद करणे आवश्यक आहे. अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘हिस्टॉरिक अमेरिकन इंजिनिअरिंग रेकॉर्ड’ या उपक्रमात पुलांची मोजमापांसह रेखाचित्रे, छायाचित्रे व इतिहास तयार करून ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये ठेवले जातात. पूल पाडला तरी नोंद उरते. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग ठाणे खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला, त्या पट्ट्यात तर अशा नोंदीला विशेष मोल आहे. इतिहास व स्थापत्य विभागांना हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून करता येईल. मोजपट्टी, कॅमेरा आणि रेल्वेची परवानगी एवढेच साहित्य लागते. त्यांपैकी परवानगीसाठीचा अर्ज मात्र वर्षारंभीच केलेला बरा.