गृहसंरक्षणाची काडतुसे

घरात शिरलेल्या हल्लेखोराचा प्रतिकार करण्यासाठी घरी ठेवलेल्या पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, बंदूक इ. शस्त्रांत वापरावयाची काडतुसे. युद्ध, शिकार व नेमबाजी यांच्या काडतुसांहून त्यांची निवड निराळ्या कसोट्यांवर करावी लागते. कारण येथे अंतर काही मीटरांचेच असते, उजेड अपुरा असतो आणि भिंतीपलीकडे घरातील माणसे किंवा शेजारी असतात. गोळीने हल्ला तत्काळ थांबवावा, परंतु हल्लेखोराच्या शरीरातून आरपार जाऊन किंवा नेम चुकून तिने दुसऱ्यास इजा करू नये, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा तिच्याकडून असतात. या विषयाचा विचार मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला.

घडण व प्रकार : पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, आतील निर्धूम दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी हे काडतुसाचे चार घटक होत. गुळगुळीत नळीच्या बंदुकीच्या काडतुसात बहुधा गोळीऐवजी छर्रे असतात. पिस्तुलाच्या गोळ्यांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पूर्ण धातुवेष्टित गोळीत शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे वेष्टन असते. ती शरीरात आकार फारसा न बदलता खोल जाते व पुष्कळदा आरपार निघते. प्रसरणशील गोळीच्या टोकाशी पोकळी असते. शरीरातील ओलसर ऊतके या पोकळीत दाबाने शिरली की टोक उमलते, गोळीचा व्यास वाढतो, तिला होणारा रोध वाढतो आणि ती शरीरातच थांबण्याचा संभव अधिक असतो.

इतिहास : प्रसरणशील गोळ्या शिकारीसाठी पूर्वीपासून वापरात होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर ०·३०३ इंची वेष्टित गोळीने शत्रू थांबत नाही, अशी ब्रिटिश सैन्याची तक्रार होती. तेव्हा कोलकात्याजवळील दमदम येथील शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. तीच ‘दमदम गोळी’ होय. शरीरात सहज पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास १८९९ च्या हेग घोषणेने मनाई केली. ही मनाई राष्ट्राराष्ट्रांतील युद्धासाठी होती. नागरी पोलिस व खाजगी स्वसंरक्षण यांना ती लागू नव्हती. युद्धात त्याज्य ठरलेली गोळी शहरात मात्र पसंत केली जाते, ही विसंगती वरवरची आहे. वस्तीत आरपार गेलेली गोळी निरपराध माणसास लागण्याचा धोका मोठा असतो, म्हणून अमेरिकेतील बहुतेक पोलिस दले प्रसरणशील गोळ्या वापरतात. न्यू जर्सी राज्याच्या कायद्याने अशा गोळ्या बाळगण्यास सामान्यतः बंदी आहे; तथापि स्वतःच्या घरात त्या ठेवता येतात.

भेदनाची कसोटी : ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे बँका लुटणारे दोन दरोडेखोर व केंद्रीय अन्वेषण विभागाचे (एफबीआय) अधिकारी यांच्यात चकमक झाली. एका दरोडेखोरास लागलेली ९ मिमी.ची प्रसरणशील गोळी दंडातून छातीत शिरली, परंतु हृदयापर्यंत पोहोचली नाही. जीवघेणी जखम होऊनही तो लढत राहिला. या चकमकीत दोन अधिकारी ठार व पाच जखमी झाले. यानंतर त्या विभागाने गोळ्यांच्या चाचण्यांची पद्धत ठरविली. १० टक्के जिलेटिनाच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ व कमाल १८ इंच (सु. ३० ते ४६ सेंमी.) खोल जावी, असा तिचा निकष आहे. जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, जिप्समचे तक्ते व मोटारीची काच यांतून गेल्यावर गोळी कशी वागते, हेही पाहिले जाते. अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांच्या संशोधनाने पिस्तुलाच्या गोळीचा परिणाम तिच्या ‘धक्क्या’वर नव्हे, तर जखमेच्या जागेवर व खोलीवर अवलंबून असतो, हे पुढे आणले.

भिंतींचा प्रश्न : अमेरिकेतील घरांच्या अंतर्गत भिंती बहुधा लाकडी सांगाड्यास दोन्ही बाजूंनी सुमारे अर्धा इंच जाडीचे जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. पिस्तुलाची गोळी अशा अनेक भिंती पार करू शकते. पोकळीत जिप्समचा चुरा भरल्यास प्रसरणशील गोळीही न उमलता वेष्टित गोळीप्रमाणे पुढे जाते. ०·२२३ इंची रायफलीच्या हलक्या गोळ्या आडव्या होऊन वा फुटून लवकर वेग गमावतात, तरी त्याही भिंतीत अडत नाहीत. पक्ष्यांच्या शिकारीचे बारीक छर्रे भिंतीपलीकडे कमी घातक ठरतात, पण शरीरातही पुरेसे खोल जात नाहीत. सुमारे ८·४ मिमी. व्यासाचे मोठे छर्रे पुरेसे खोल जातात. मात्र तेही भिंत भेदतात. सारांश, हल्लेखोरास थांबविण्याइतकी खोल जाणारी कोणतीही गोळी अशी भिंत पार करते. काडतुसाच्या निवडीने हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून घरातील माणसे कोठे झोपतात व गोळी कोणत्या दिशेने जाईल, याचा विचार आधीच करणे आवश्यक असते.

इतर निकष : काडतूस शस्त्रात न अडकता चालणे, हा पहिला निकष होय. वेष्टित गोळीसाठी बनविलेल्या काही जुन्या पिस्तुलांत पोकळ टोकाची काडतुसे अडकतात. यास्तव निवडलेले काडतूस त्याच शस्त्रातून पुरेशा संख्येने झाडून पाहावे लागते. फार जोराच्या काडतुसाने धक्का, आवाज व ज्वाळा वाढतात आणि दुसरी गोळी नेमकी मारणे कठीण होते. दमट हवा, उष्णता व तेल यांमुळे टोपी व दारू खराब होतात. लहान मुले असलेल्या घरात शस्त्र व काडतुसे वेगवेगळी कुलूपबंद ठेवणे इष्ट असते. परंतु मग ऐनवेळी ती हाती येण्यास विलंब लागतो.

भारतातील स्थिती : भारतात शस्त्र व काडतुसे बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. काडतुसांची कमाल संख्या परवान्यात नमूद असते. निषिद्ध बोअरची शस्त्रे सामान्य परवानाधारकास मिळत नसल्याने निवडीचे क्षेत्र मर्यादित राहते. भारतीय न्याय संहिता, २०२३ हिने देह व मालमत्ता यांच्या खाजगी संरक्षणाचा हक्क मान्य केला आहे. तथापि संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही.