‘लॅब’ म्हणजे प्रयोगशाळा नव्हे!

आपल्या घराण्याचा शोध घेणारे इंग्रज लोक जुन्या जनगणनेची बाडे चाळतात. १८४१ सालचे एखादे पान उघडले, की धंद्याच्या रकान्यात ‘अ‍ॅग. लॅब.’ अशी अक्षरे दिसतात. खालच्या घरात तेच, त्याच्या खालीही तेच! एका खेड्यात इतक्या प्रयोगशाळा? छे! ‘अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर’, म्हणजे शेतमजूर. असे संक्षेप लिहिण्याची गणकांना मुभाच होती. ‘एफ. एस.’ म्हणजे मोलकरीण.

शब्दावर पेन्सिलीची रेघ दिसली तर तो खोडला आहे असे समजू नका. लंडनच्या कचेरीत धंद्यांची मोजदाद करताना कारकुनांनी केलेली ती खूण!

आता वय पाहा. ३५. पण तो माणूस ३९ वर्षांचाही असेल. त्या वर्षी १५ वर्षांवरील व्यक्तींचे वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायचे होते. आपल्या भाषेत, या मोजपट्टीचे लघुतम माप पाच वर्षे! (काही गणकांनी नियम न पाळता नेमके वय लिहिले, हे आपले भाग्यच.)

खरा चकवा पत्त्याचा. १८५१च्या पानावर ओळीच्या आरंभी ४७ दिसले, की शोधणारा ४७ नंबरच्या घराला पूर्वजांचे घर समजून बसतो. पण तो असतो घरोघर वाटलेल्या तक्त्याचा अनुक्रमांक! घराचा नंबर, असलाच तर, शेजारच्या रकान्यात. नसेल तर मागची-पुढची पाने वाचावीत, त्यांत आलेली खानावळ किंवा गिरणी जुन्या नकाशावर शोधावी, आणि गणकाच्या मागोमाग दारोदार चालत जावे.