सण आणि मनाचे पुनर्वसन

रस्त्यावरील निराधार मनोरुग्णास आसरा, अन्न व औषध मिळाले की काम संपले, असे आपण समजतो. परंतु औषधाने आजार आवरला, तरी तुटलेला माणूस पुन्हा माणसांत यावा लागतो. येथे सणाचे मोल आहे.

दीर्घ दुखण्यात वार-तिथीचे भान सुटते, उमेद हरपते. दिवाळी जवळ आली की दिवस मोजले जातात. करंज्या भरताना, ईदच्या शीरखुर्म्यासाठी खारका चिरताना हात गुंततात आणि शेजाऱ्याशी दोन शब्द होतात. ‘आमच्याकडे असे करीत नाहीत’ या तक्रारीतूनही कधी हरवलेल्या गावाचा धागा सापडतो.

मात्र सक्ती नको. फटाके, ढोल, जागरण कित्येकांस सोसत नाही. झोप मोडल्यास दुखणे उलटू शकते. उपवास वा रोजा डॉक्टरांना विचारूनच धरावा; लिथियमसारखे औषध चालू असता शरीरातील पाणी कमी होणे घातक ठरते.

केवळ कुटुंब स्वीकारीत नाही म्हणून कोणास मनोरुग्णालयात ठेवून घेऊ नये, समाजात राहणे हा त्याचा हक्क आहे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. म्हणून निवारागृहात फराळ पोचवून थांबू नये. ज्यांना यावेसे वाटते, त्यांस आपल्या अंगणात बोलवावे.