घाटातला फोन आणि दूरचा कंट्रोलर

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग, थोडक्यात एसडीएन, म्हणजे नेटवर्कमधला निर्णय आणि प्रत्यक्ष डेटाची ने-आण वेगळी करणे. रेल्वेत ही रीत जुनीच आहे. पुण्याकडे निघालेल्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिने लागतात. पण घाटात आधी मालगाडी सोडायची की एक्सप्रेस, हे स्टेशनमास्तर एकटा ठरवत नाही. सगळा सेक्शन ज्याच्यासमोर असतो तो कंट्रोलर ठरवतो. जुन्या नेटवर्कमध्ये मात्र प्रत्येक राउटर आपापल्यापुरते पाहतो. 2008 मध्ये निक मकिओन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ओपनफ्लो या प्रोटोकॉलमुळे हे निर्णय मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे, म्हणजे नेटवर्कच्या कंट्रोलरकडे, सोपवण्याची वाट खुली झाली.

मोबाइलला याची गरज जास्त, कारण इथे ग्राहकच जागेवर नसतो. पळसदरी मागे टाकून गाडी घाट चढू लागते, तेव्हा डब्यांतल्या शेकडो फोनांना जवळपास एकदमच टॉवर बदलावा लागतो. 4जीमध्ये फोनने कळवलेली सिग्नलची मापे पाहून त्या टॉवरचे बेस स्टेशनच हा हँडओव्हर ठरवते. आसपासच्या साऱ्या टॉवरांवरचा ताण त्याला एकत्र दिसत नाही. कंट्रोलरला तो दिसतो, म्हणून काही फोन आधीच दुसरीकडे वळवता येतात. खालापूर टोलनाक्यावर सुट्टीच्या दिवशी गाड्या तुंबतात, तेव्हाही हेच कामी येऊ शकते.

पण सगळेच निर्णय वर नेता येत नाहीत. वायरलेसमधला खरा पेच हाच. गाडी डोंगराआड वळताच क्षणात सिग्नल पडतो. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे 200 किलोमीटर जातो, त्यामुळे अंतराचे फारसे अडत नाही. वेळ खातात ती वाटेतली उपकरणे आणि आकडेमोड. म्हणून 2018 मध्ये स्थापन झालेल्या ओ-रॅन अलायन्स या मोबाइल उद्योगातल्या संघटनेने कामाची वाटणी केली: 10 मिलिसेकंदांच्या आतले निर्णय बेस स्टेशनपाशी, तिथून एका सेकंदापर्यंतचे जवळच्या कंट्रोलरकडे, आणि सावकाशीची धोरणे त्याच्याही वर. ही वाटणी शहाणपणाची आहे.

5जीच्या कोअरमध्येही, म्हणजे टॉवरांमागच्या मध्यवर्ती नेटवर्कमध्येही, हीच विभागणी आहे: एसएमएफ हा भाग निर्णय घेतो आणि यूपीएफ हा भाग डेटा वाहतो. भारतात ऑक्टोबर 2022 मध्ये 5जी आले, तेव्हा जिओने स्वतंत्र 5जी कोअर असलेली स्टँडअलोन पद्धत निवडली.

पावसाळ्यात दरड कोसळून फायबर तुटली, तर कंट्रोलरशी संपर्कच जातो. त्यासाठी एकाहून अधिक कंट्रोलर हवेत, आणि शेवटच्या आदेशांवर काम रेटण्याची सोय बेस स्टेशनात हवी. मात्र डोंगराआडच्या ज्या वाडीत टॉवरच पोचलेला नाही, तिथे एसडीएनने रेंज येत नाही. तिथे आधी टॉवर, वीज आणि फायबरच न्यावी लागते.