युद्धाला धावफलक नसतो

६ मे २०२५ या दिवशी शहापूर आणि मुरबाडमध्ये बोलायला एकाच वेळी तीन विषय होते. सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत उरकायला सांगितल्या आणि झेडपी, पंचायत समितीचे इच्छुक खडबडून जागे झाले. दुसऱ्या दिवशी देशभर मॉक ड्रिल होणार, भोंगे वाजणार, अशा बातम्या होत्या. आणि संध्याकाळी वानखेडेवर मुंबई इंडियन्स विरुद्ध गुजरात टायटन्स.

सामना पावसाने पुन्हा पुन्हा थांबला. मध्यरात्र उलटल्यावर शेवटच्या षटकात गुजरातला १५ धावा हव्या होत्या. त्या त्यांनी अगदी शेवटच्या चेंडूवर केल्या आणि सलग सहा सामने जिंकलेली मुंबई हरली. चडफडत टीव्ही बंद करून झोपलेल्यांना सकाळी कळलं, की आपण अंथरुणाला पाठ टेकली तेव्हाच, रात्री एक वाजून पाच मिनिटांनी, ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झालं होतं. पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या नऊ ठिकाणांवर भारताने मारा केला होता.

त्या सकाळी आसनगावहून सुटणाऱ्या लोकलमध्ये काय किंवा मुरबाड-कल्याण एसटीत काय, ‘शेवटची ओव्हर चहरला दिलीच कशाला’ हे वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि त्याच्या जागी दुसरा वाद आला: देश युद्धाच्या तोंडावर उभा असताना मॅच बघायचीच कशाला? हा वाद पुढे पाच महिने चालला. आयपीएलपासून आशिया चषकापर्यंत तो नवनवे कपडे घालून येत राहिला. २०२५ च्या हंगामाचा आढावा घ्यायचा तर गुणतक्त्याइतकाच या वादाचाही घ्यावा लागतो.

पहलगामनंतरचा हंगाम

मुंबईची सुरुवात नेहमीसारखीच रखडत झाली. पहिल्या पाच सामन्यांत चार पराभव. बुमरा दुखापतीतून ७ एप्रिलला परतला. १३ एप्रिलला दिल्लीत एका षटकात तीन गडी धावबाद झाले आणि हातातून गेलेला सामना मुंबईने १२ धावांनी काढला. तिथून गाडी रुळावर आली.

२२ एप्रिलला पहलगामच्या बैसरन पठारावर २६ माणसं मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली, आणि त्या सहांतली तिघं डोंबिवलीची. कसाऱ्याहून मुंबईकडे जाणारी गाडी डोंबिवलीवरूनच जाते. आसनगाव-वासिंदच्या कितीतरी लोकांचे नातेवाईक, सहकारी, शाळूसोबती तिथे राहतात. म्हणून ही बातमी इथे काश्मीरची राहिली नाही, आपल्या लाइनीची झाली. दुसऱ्याच दिवशी हैदराबादेत मुंबईचा सामना होता. खेळाडूंनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, एक मिनिट शांतता पाळली. आतषबाजी नव्हती, चिअरलीडर नव्हत्या. रोहितने ७० धावा केल्या आणि मुंबई सात गडी राखून जिंकली. त्या विजयाचं काय करायचं, हे कुणालाच कळत नव्हतं. स्टेटसला काळी पट्टी ठेवलेली, तिथेच रोहितच्या षटकाराची क्लिप कशी टाकायची?

८ मे रोजी धरमशालेत पंजाब-दिल्ली सामना १०.१ षटकांनंतर थांबवून मैदान रिकामं केलं गेलं. ९ तारखेला आयपीएल आठवड्यासाठी स्थगित झाली, १० तारखेला शस्त्रसंधी जाहीर झाली आणि १७ मेपासून पुन्हा सामने. मुंबईने २१ मेला वानखेडेवर दिल्लीला ५९ धावांनी हरवून बाद फेरी गाठली, ३० मेला गुजरातचा हिशेब चुकता केला आणि १ जूनला अहमदाबादेत पंजाबकडून हरली. तिथे आपल्या २०३ धावा पुरल्या नाहीत, कारण समोर नाबाद ८७ धावा काढणारा श्रेयस अय्यर मुंबईचाच होता. हंगामात सूर्यकुमारच्या ७१७ धावा झाल्या. ३ जूनला बंगळुरूने १८ वर्षांत पहिल्यांदा चषक जिंकला आणि ४ जूनला त्या विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. सीमेवर तेव्हा शांतता होती.

आठ मेची रात्र

या सगळ्यात ८ मेची रात्र वेगळी काढून बघावी. धरमशालेतलं प्रक्षेपण थांबल्यावर प्रेक्षक रिमोटने वृत्तवाहिन्यांकडे वळले. तिथे कराची बंदर उद्ध्वस्त झालं होतं आणि इस्लामाबादेत आपलं सैन्य शिरलं होतं. सकाळी बंदर जागच्या जागी होतं. कुणी माफी मागितली, बहुतेकांनी तीही नाही.

क्रिकेटच्या प्रेक्षकाला असं फसवता येत नाही. एक धाव चुकून जास्त लागली तर घाटावरच्या वाडीतला पोरगासुद्धा ओरडतो. शहापूर-मुरबाडमध्ये भातकापणी झाली की खाचरांतच टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा रंगतात, यूट्यूबवर त्यांचं थेट प्रक्षेपण होतं आणि तिथे गुणलेखकाशी हुज्जत घालण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. वाइड होता का, पाय क्रीझच्या मागे होता का, यावर दहा-दहा मिनिटं खेळ थांबतो. हीच माणसं त्या रात्री टीव्हीवरचा प्रत्येक आकडा बिनतक्रार गिळत होती. युद्धाला धावफलक नसतो; असलाच तर दोन्ही बाजूंचा वेगवेगळा असतो. आपली लढाऊ विमानं पडली का, याला होकार मिळाला तो ३१ मे रोजी, सिंगापूरमध्ये, सरसेनाध्यक्षांच्या मुलाखतीत; किती पडली ते त्यांनी सांगितलं नाही. पाकिस्तानची सहा विमानं पाडली, असं हवाईदल प्रमुखांनी ९ ऑगस्टला सांगितलं. पाकिस्तानला ते मान्य नाही. शस्त्रसंधी कुणामुळे झाली यावर ट्रम्प एक सांगतात आणि दिल्ली दुसरंच.

मॅच बघणं चूक की बरोबर, हा प्रश्न म्हणूनच मला दुय्यम वाटतो. चाहत्याला हिशेब ठेवायची जी सवय मैदानावर लागते, ती तो युद्धाच्या आणि राजकारणाच्या चर्चेत का सोडून देतो, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे ही चर्चा ८५ वर्षं जुनी आहे आणि तिच्या प्रत्येक टप्प्याचा हिशेब मांडता येतो.

सिद्धगड आणि ब्रेबॉर्न

मुंबईत १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने होत. संघ धर्माचे: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’. १९४० च्या डिसेंबरात दुसरं महायुद्ध सुरू होतं, वैयक्तिक सत्याग्रहात लोक तुरुंगात जात होते आणि हे सामने भरवावेत का, असा वाद पेटला. हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींकडे गेलं. गांधीजींनी सामन्यांना विरोध केला: देशातले नेते तुरुंगात असताना ही करमणूक नको, आणि खेळात धर्मावर संघ तर मुळातच नकोत. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. म्हणजे भूमिकेची किंमत होती आणि ती मोजली गेली. प्रेक्षकांनी सामना गमावला, जिमखान्याने तिकिटांचं उत्पन्न. पुढच्या वर्षी संघ परतला, हेही त्याच हिशेबात लिहायला हवं.

१९४२ मध्ये ‘छोडो भारत’च्या धामधुमीत स्पर्धा झालीच नाही. त्या वर्षी भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायचा सपाटा लावला होता. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. दर वर्षी २ जानेवारीला लोक तिथे जातात.

१९४३ च्याच डिसेंबरात ब्रेबॉर्नवर पंचरंगीचा अंतिम सामना झाला. हिंदूंकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० केल्या. ‘रेस्ट’कडून सांगलीच्या विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ पैकी ३०९. हजारे ख्रिस्ती, म्हणून ‘रेस्ट’मध्ये. एवढं करूनही त्यांचा संघ डावाने हरला. मराठी माणूस आजही हा आकडा अभिमानाने सांगतो. पण त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात किती माणसं मेली, याचे अंदाज अजून लाखालाखांनी हेलकावतात. हजारेंची एकूण एक धाव मोजली गेली. युद्धकाळातल्या धान्यधोरणाने मेलेली माणसं तशी एकेक करून कुणी मोजली नाहीत. १९४६ नंतर पंचरंगी कायमची बंद झाली. उरलेल्या देशाने मात्र धर्मावर संघ पाडायची सवय इतक्या सहज सोडली नाही.

मोजावी लागलेली किंमत

डिसेंबर १९७१ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध चालू असताना सुनील गावसकर, फरुख इंजिनिअर आणि बिशनसिंग बेदी ऑस्ट्रेलियात जागतिक संघातून खेळत होते. सोबर्सच्या त्या संघात इंतिखाब आलम, झहीर अब्बास आणि असिफ मसूदही होते. एकाच ड्रेसिंग रूममध्ये दोन शत्रुदेश राहिले आणि देशभक्ती कुणाचीच कमी झाली नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. ८ जून १९९९ रोजी कारगिलमध्ये तोफा धडाडत असताना मँचेस्टरला आपण पाकिस्तानला ४७ धावांनी हरवलं. व्यंकटेश प्रसादने २७ धावांत पाच बळी घेतले. त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. प्रसादचे बळी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांच्यातल्या किती जणांना हा दुसरा आकडा आठवतो, हे आसपास विचारून पाहावं.

फुटबॉलमध्ये हा हिशेब जास्त रोखठोक असतो. युक्रेनचा शाख्तार दोनेत्स्क हा क्लब २०१४ पासून आपल्या दोनेत्स्कच्या मैदानावर एकही सामना खेळलेला नाही. २०२२ नंतर त्याचे युरोपीय ‘घरचे’ सामने वॉर्सा, हॅम्बुर्ग, गेल्झेनकिर्शेन असे परदेशांत फिरले. त्याच वर्षी रशियन संघांवर बंदी आली आणि चेल्सीच्या रशियन मालकाला क्लब विकावा लागला. या क्लबांच्या चाहत्यांना ‘खेळात राजकारण नको’ असं म्हणायची सोय उरली नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण युद्धाचं नाही, पण शहापूरला लागू पडतं. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने महिनाअखेरनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. मुंबई इंडियन्सने विशाखापट्टणमला घर केलं. वाद होता मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा. मुंबईचं पाणी येतं कुठून? तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आणि धरणाच्या उशाशी असलेल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतात. तरीही इथला माणूस त्या संघाला ‘आपली मुंबई’ म्हणतो. वानखेडेचं तिकीट त्याला परवडत नाही, पण निळी जर्सी तो शहापूरच्या बाजारातून घेतो. २०२५ मध्ये त्या संघात न्यूझीलंडचा बोल्ट होता, अफगाणिस्तानचा मुजीब आला, हैदराबादचा तिलक वर्मा होता. धर्माच्या पंचरंगीपासून आपण इथवर आलो, ही या ८५ वर्षांतली नगद कमाई आहे. ती गमावायची नसेल तर कशामुळे गमावली जाते यावर लक्ष हवं.

दुबईतले तीन रविवार

२१ ऑगस्ट २०२५ रोजी क्रीडा मंत्रालयाने धोरण जाहीर केलं: पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, बहुराष्ट्रीय स्पर्धांत खेळू. या वाटेने आशिया चषकात पाकिस्तानशी सामना झाला. १४ सप्टेंबरला उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने ‘माझं कुंकू, माझा देश’ हे आंदोलन केलं. दुबईत मुंबईच्याच सूर्यकुमारच्या संघाने सात गडी राखून सामना जिंकला आणि हस्तांदोलन केलं नाही. २१ तारखेला पुन्हा सामना. तिथे पाकिस्तानच्या हारिस रौफने प्रेक्षकांना बोटांनी ‘सहा-शून्य’ दाखवून पाडलेल्या विमानांचा त्यांच्या देशाचा दावा मैदानावर मांडला. अंतिम सामन्यात २८ सप्टेंबरला तिलक वर्माच्या नाबाद ६९ धावांनी आपण पाच गडी राखून जिंकलो, चषक मात्र आशियाई क्रिकेट परिषदेचे पाकिस्तानी अध्यक्ष मोहसीन नक्वी यांच्या हातून घेतला नाही. पंतप्रधानांनी त्या विजयाची सांगड ऑपरेशन सिंदूरशी घातली.

शहापूरला एका पक्षाचा आमदार, मुरबाडला दुसऱ्या पक्षाचा आणि खासदार तिसऱ्या पक्षाचा, त्यामुळे इथे या तीन रविवारांवर चहाच्या टपरीवर भांडायला माणसांची कमतरता नव्हती. पण हिशेब केला तर चित्र सरळ आहे. खेळायचंच नव्हतं तर न खेळण्याची किंमत मोजायला हवी होती: गुण, चषक, प्रक्षेपणाचा पैसा. खेळायचं होतं तर खेळासारखं खेळायला हवं होतं. आपण तिसरा मार्ग काढला. पैसा पूर्ण घेतला, सामने तीन खेळलो आणि देशभक्तीपोटी फक्त हात मिळवला नाही आणि नक्वींकडून चषक घेतला नाही. सूर्यकुमारने आपलं मानधन सैन्यदलांना आणि पहलगामच्या पीडितांना दिलं. या सगळ्यात खिशातून काही काढणारा तो मोजक्यांपैकी एक. १९४० मध्ये हिंदू जिमखान्याने एक अख्खी स्पर्धा सोडली होती. नियामक मंडळाने काय सोडलं?

याचा दुसरा तोटा जास्त खोल आहे. विजयाला युद्धाचं नाव दिलं की पराभवालाही द्यावं लागतं, आणि क्रिकेटमध्ये पराभव येतोच. ६ मेच्या रात्री शेवटच्या चेंडूवर हरलेला मुंबईचा चाहता पंधरा दिवसांनी पुन्हा टीव्हीसमोर बसला, कारण तिथे हरण्याने कुणी मरत नाही. युद्धात जिंकणाऱ्याचीही माणसं मरतात. हा फरक पुसला, तर मैदानावर राग वाढतो आणि सीमेवरचं मरण हलकं होतं.

भात झोडून झालं की खाचरांत पुन्हा स्पर्धा सुरू होतील. झेडपीच्या निवडणुका तोंडावर असल्या तर चषकांना इच्छुकांची नावं असतील, मांडवात मोठाली भाषणं होतील आणि त्यांत सीमाही येईल, सैनिकही येतील. ऐकणाऱ्यांनी तिथे गुणलेखकाशी घालतो तीच हुज्जत घालावी: आकडा कुठून आला, किंमत कुणी दिली, टँकर कधी बंद होणार. नेट रनरेट दशांशात सांगणाऱ्या माणसाला ‘आपण जिंकलो’ एवढ्या एका वाक्यावर घरी पाठवता येऊ नये.